पेनड्राइव्ह शेकावा लागतो का?

गेले दहा दिवस आमच्या घरात दिसेल त्या वस्तूचं वजन होतंय. जिन्याच्या गजाला एक लटकता काटा बांधलाय. तो गल्लीतल्या किराणावाल्याचा. त्याच्या मते काटा तंतोतंत आहे. गिऱ्हाइकांचं मत वेगळं आहे. त्याला सकाळी एक बॅग लटकते, दुपारी दुसरी. रात्री मी दुसरी पाळी करून साडेबाराला घरी येतो, तेव्हा बायको मोबाइलच्या उजेडात चिवड्याचं पुडकं अडकवून आकडा वाचत उभी असते. "किती?" मी हळूच विचारतो. "अकराशे," ती म्हणते आणि त्यातला मूठभर काढून माझ्या हातावर ठेवते. मग मी अपरात्री उभ्याउभ्या चिवडा खातो. भूक असते म्हणून नव्हे, विमान हलकं व्हावं म्हणून.

आमची लेझीम नाचाच्या स्पर्धेसाठी बँकॉकला निघालीय, त्याची ही तयारी.

आमची म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची. आठवी ते दहावीची चौदा लेकरं, त्यात नऊ मुली; नाच बसवणारे सर, जे माझ्या भाच्याच्या वयाचे आहेत, म्हणून मी त्यांना सर म्हणतो आणि ते मला काका; सोबतीला दोन आया; आणि अठरावा मी. माझी निवड कशी झाली तेही सांगण्यासारखं आहे. पालकांच्या बैठकीत सरांनी विचारलं, "पासपोर्ट कुणाकडे आहे?" मी हात वर केला. काही वर्षांपूर्वी कंपनी ट्रेनिंगला परदेशी पाठवणार होती. ट्रेनिंग रद्द झालं, पासपोर्ट राहिला. एकही शिक्का नसलेल्या त्या कोऱ्या पासपोर्टावर मी पथकाचा व्यवस्थापक झालो. शिवाय मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. क्वालिटीचा माणूस यादी करतो, यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे खूण करतो, आणि यादी घरी विसरतो, हे गावाला अजून माहीत नाही.

सराव ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीच्या रस्त्यावर चालतो. औद्योगिक कॉरिडॉरसाठी आमच्या भागातली शेतं गेली आणि तिथं रुंद रस्ते आले. पदपथ आहेत, सायकलीची वेगळी पट्टी आहे, ओळीनं दिवे आहेत. बऱ्याच प्लॉटांवर कारखाने यायचे आहेत. सध्या तिथं गवत आहे आणि गवतात टिटव्या आहेत. संध्याकाळी साडेसहाला दिवे लागले की चौदा लेझमा छन्‌ करून वाजतात, टिटव्या ओरडत उठतात आणि सर मोजायला लागतात, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!"

हलगीवाले आबा सुरुवातीचे दोन दिवस हे नुसतं ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दिव्याच्या खांबाआड नेलं.

"भाऊ, या पोराला पैले चार आकडे येत न्हाईत का?"

आबांची सत्तरी उलटून गेलीय. चैत्रात मांगीरबाबाची जत्रा भरते, तेव्हा शेंद्र्यात माणसांचा पूर येतो. त्या गर्दीत ज्यांची हलगी दुरून ओळखू येते, ते हे आबा. लेझीम त्यांनीच लेकरांच्या अंगात भरली. सरांनी त्यात उड्या, मनोरे आणि शेवटचा तो गुडघ्यावर घसरत येण्याचा प्रकार घातला. तो बघून आबा एवढंच म्हणाले, "पँटी फाटतेत." खरंच फाटल्या. आता गुडघ्याला आतून ठिगळ लावून घेतलंय.

लेझमीचं वजन हा एक वेगळाच विषय. लाकडी दांडी, लोखंडी साखळी आणि चकत्या मिळून एक लेझीम सव्वा किलो भरते. चौदा चालू आणि दोन जादा, म्हणजे सोळा लेझमांचे वीस किलो. विमानात माणशी वीस किलोच चालतात. थोडक्यात, लेझीम हा आमच्यातला एकोणिसावा माणूस, फक्त बिनतिकिटाचा. हातातल्या पिशवीत ती नेता येत नाही, कारण साखळी लावलेला दांडा घेऊन विमानात चढणाऱ्या माणसाला लेझीम म्हणजे काय हे समजावून सांगायला फार कमी वेळ मिळेल. सरांनी प्लॅस्टिकची लेझीम सुचवली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये वापरतात तसली. ती एकानं आणलीही. आबांनी ती हातात घेतली, एकदा हलवली आणि काही न बोलता खाली ठेवली. विषय संपला.

लेझीम हा शब्द फारसीतून आलाय. मुळात ते सरावाचं धनुष्य: दोरीऐवजी साखळी लावलेलं, तालमीत दंड कमवायला ताणायचं. आणि आमच्या गावाचं पूर्ण नाव शेंद्रा कमंगर. कमानगर म्हणजे धनुष्य करणारा. या दोन गोष्टींचं नातं असलंच पाहिजे, असं मी वर्गणीच्या सभेत ठासून सांगितलं. माझ्याकडे पुरावा कसलाच नाही; पण वर्गणी मागताना पुराव्यापेक्षा आवाज कामाला येतो. त्या भाषणावर आम्हाला अठरा टोप्या मिळाल्या. रोख काही मिळालं नाही. माणशी पासष्ट हजारांचा खर्च शेवटी ज्याचा त्यानंच केला; कुणी कापसाच्या पट्टीतून, कुणी भिशी आधी उचलून, कुणी कंपनीच्या सोसायटीतून. एका मुलीचे वडील पैसे द्यायला आले तेव्हा नोटा मोजून झाल्यावर म्हणाले, "नाचून दाखवायला पैसे घेतेत असं ऐकलं व्हतं. द्यावे लागतेत हे नवीनच."

मग पासपोर्ट. पूर्वी या कामासाठी परगाव गाठावं लागे. २०१७ पासून छावणीतल्या पोस्टातच केंद्र झालंय, त्यामुळे रिक्षाभाड्यात काम होतं. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट तसा सोपा. फी हजार रुपये, मुदत पाच वर्षं किंवा अठरावं पुरं होईपर्यंत, यातली जी आधी संपेल ती, आणि सोबत आईबापांच्या सह्यांचं एक प्रतिज्ञापत्र. लेकराची ओळख पटकन पटते. अडचण आईबापांची. आमच्या पथकातल्या अकरा वडिलांचा जन्म १ जूनला झालेला आहे. महाराष्ट्रात ज्याचं शाळेत नाव घातलं गेलंय त्याला हे समजावून सांगायला नको. पोराला घेऊन आजोबा शाळेत जायचे, तारीख विचारली की "त्या साली लई पाऊस झाला व्हता" म्हणायचे, आणि गुरुजी लिहून टाकायचे, १ जून. बँकॉकला कुणी आमच्या कागदांची चळत पाहिलीच, तर शेंद्र्यात वर्षातून एकदाच बाळंतपणं होतात अशी त्याची खात्री होईल.

नावांचंही तसंच. एकाच बापाच्या नावात आधारवर एक अक्षर जास्त, पॅनवर एक कमी, आणि लेकीच्या दाखल्यावर त्याचं घरातलं टोपणनाव. त्यात शहराचं नाव २०२३ साली बदललं. लेकरू जन्मलं औरंगाबादेत, राहतं छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, आणि जवळच्या विमानतळाचा कोड आहे आयएक्सयू. या तिन्हीत शेंद्रा कुठंच नाही, ही माझ्या आईची तक्रार. मी तिला सांगितलं की पासपोर्टावर पत्ता शेवटच्या पानावर असतो, तिथं आहे. तिनं चष्मा लावून ते पान स्वतः बघितलं, मग पदरानं पुसलं.

व्हिसानं मात्र लेकरांची निराशा केली. २०२४ च्या जुलैत थायलंडनं भारतीयांना पर्यटनासाठी साठ दिवस व्हिसा माफ केला. "मुलाखतच नाही?" माझ्या लेकीनं विचारलं. तिनं इंग्रजीत स्वतःबद्दल चार ओळी पाठ करून ठेवल्या होत्या. आता त्या ओळी ती येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना ऐकवते. व्हिसा नाही, पण मे २०२५ पासून ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं, आणि तेही पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. तीन दिवसांत अठरा माणसांचे फॉर्म, अठरा पासपोर्ट नंबर, आणि ते भरणार दुसऱ्या पाळीचा माणूस. त्यातला 'व्यवसाय' हा रकाना लेकरांनी आपापसात ठरवून टाकलाय: नर्तक. मी 'विद्यार्थी' लिहिणार आहे. त्यांना ते कळू देणार नाही.

बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. २००६ साली तो सुरू झाला, आणि नाव तिथल्या राजानं, भूमिबोलनं, ठेवलं. हे नाव मला ओळखीचं वाटत होतं, पण कुठलं ते आठवेना. मग आठवलं: अजिंठा. आमच्याकडे शाळेची सहल दुसरीकडे जातच नाही. पहिल्या लेण्यात महाजनक जातक रंगवलेलं आहे. राजपुत्र महाजनक गेलेलं राज्य परत मिळवायला पैसा हवा म्हणून व्यापाऱ्यांसोबत जहाजानं निघतो, तो या सुवर्णभूमीला. आई त्याला सांगते की समुद्रात मिळकत थोडी आणि धोके फार. पोरगं ऐकत नाही. पुढे भर समुद्रात जहाज बुडायला लागतं. बाकीचे रडतात, देवांना हाका मारतात. महाजनक काय करतो? तूप-साखर कालवून पोटभर खातो, कपडे तेलात भिजवून अंगाला घट्ट गुंडाळतो आणि डोलकाठीवर चढतो.

ही गोष्ट मी घरी सांगितली आणि पस्तावलो. तोवर लाडू न्यायचे की नाही हा प्रश्न वजनाच्या मुद्द्यावर मिटत आला होता. "बघा," आई म्हणाली, "त्यालाबी तूपसाखरेनंच तारलं." डिंकाचे लाडू पुन्हा यादीत आले, दोन किलो.

खाण्याबद्दल बोलायचं तर आमच्या गटाच्या दोन बैठका नाचावर झाल्या आणि पाच खाण्यावर. परदेशात लेकरांना काय मिळेल, यापेक्षा काय मिळणार नाही याची यादी मोठी. धपाटे चार दिवस टिकतात. कडक भाकरी आठ दिवस. शेंगदाण्याची चटणी कितीही. येसराच्या आमटीसाठी एका आईनं येसर दळून आणला, अर्धा किलो, पारदर्शक पिशवीत, वर काही लिहिलेलं नाही. मी ती पिशवी उजेडात धरून बघितली. तांबूस रंगाची, बारीक, वासाची भुकटी. क्वालिटीत तीस जणांचा माल मी रोज तपासतो. विमानतळावरच्या तपासणाऱ्याच्या जागी मी असतो तर ही पिशवी मी सोडली नसती. आता तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत चिठ्ठी लावलीय, त्यात काय काय आहे ते सगळं लिहून. धने, गहू, हरभरा डाळ, सगळं. ती यादी आमच्या सरांच्या बायोडाटापेक्षा लांब झालीय.

कांद्याचं लोणचं मात्र मी कडक शब्दांत नाकारलं. तेल गळतं. नाकारल्यावर ते कुणाच्या बॅगेत गेलं याचा मी शोध घेत नाही.

आता खरा प्रश्न. हलगी न्यायची की नाही?

हलगी चामड्याची. वाजवण्याआधी ती जाळावर शेकावी लागते, तेव्हा कातडं ताणतं आणि आवाज उघडतो. दमट हवेत तर पुन्हा पुन्हा शेकावी लागते, आणि बँकॉक दमटच. हॉटेलच्या खोलीत आबा चिपाडं पेटवून बसलेत, वर छतातून पाणी सुटलंय, असं चित्र सरांनी रंगवलं. शिवाय स्पर्धेचा नियम असा की संगीत पेनड्राइव्हवर आणायचं, साडेचार मिनिटांच्या आत. सरांनी तो बोटाएवढा काळा तुकडा आबांना दाखवला. आबांनी तळहातावर घेतला, नखानं टोचून बघितला आणि विचारलं, "ह्यो शेकावा लागतो का?"

सगळे हसले. आबाही हसले. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि कारण चिवडा नव्हतं.

आमच्या शहरातच, बीबीच्या मकबऱ्यामागच्या डोंगरात लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या गर्दीत त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात भिंतीवर एक बाई नाचतेय, आणि तिच्या भोवती सहा बाया वाजवताहेत. नाचणारी एक, वाजवणाऱ्या सहा. दगडात कोरायलासुद्धा त्या शिल्पकाराला सहा जणी लागल्या. त्याला पेनड्राइव्ह माहीत असता तर त्याचे निदान दोन महिने वाचले असते. शहराच्या पलीकडे देवगिरी. तिथं तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता, संगीतरत्नाकराचा कर्ता. त्या ग्रंथाचा सातवा अध्याय सगळा नाचाचा आहे, आणि गाणं, वाजवणं, नाचणं ही तिन्ही मिळून संगीत, असा त्याचा हिशोब आहे. त्यातलं वाजवणं आम्ही खिशात घालून नेतोय.

स्पर्धेला परदेशी जाणारे आम्ही पहिले नव्हे, हे सांगायला नको. लेकरांच्या मोबाइलमध्ये वसई-नालासोपाऱ्याकडच्या पोरांचं 'द किंग्ज' पथक दिवसरात्र चालू असतं. सुरेश मुकुंदनं बसवलेलं, २०१९ साली अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकून दहा लाख डॉलर घेऊन आलेलं. पण मला त्यांच्याही आधीचं एक पथक आठवतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक सोखी यांच्या पत्नी लीलाबाई, ज्यांना नाचाच्या जगात मेनका म्हणत, त्या आपलं पथक घेऊन १९३६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्य ऑलिंपियाडला गेल्या आणि बक्षिसं घेऊन आल्या. त्यांच्यासोबत वाजवणारे होते. सरोदिये सखावत हुसेन खाँ होते. जहाजानं वाद्यं नेली, वाजवणाऱ्यांना नेलं. त्या पथकात दमयंती जोशी ही मराठी मुलगी लहान वयातच दाखल झाली, आणि पुढे कथकातलं मोठं नाव झाली. मेनकाबाईंनी त्या वाजवणाऱ्यांच्या खाण्यापिण्याची काय व्यवस्था केली होती, हे मला जाणून घ्यायला आवडेल. व्यवस्थापक माणसाला दुसरं काय सुचणार?

मी आबांना मेनकाबाईंची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बाई शहाणी व्हती." पुढे काही बोलले नाहीत. त्यांचा पासपोर्ट काढायची वेळ निघून गेली होती, आणि काढला असता तरी पासष्ट हजार कुठून आले असते, हे ना त्यांनी विचारलं ना आम्ही.

म्हणून मग एका रविवारी सकाळी सरांच्या मित्राकडे रेकॉर्डिंग ठेवलं. त्याच्याकडे माइक आहे. खोलीला आतून गाद्या लावल्यात. आबा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून आले, जणू मिरवणूकच आहे. हलगी बाहेर अंगणात वाळक्या चिपाडांच्या जाळावर शेकली, मग आत पळायचं, दार लावायचं, आणि आवाज बसायच्या आत वाजवायचं. मध्येच पंखा बंद करायचा, कारण त्याचा आवाज येतो. पुन्हा बाहेर, पुन्हा जाळ. पाच वेळा असं झालं. पाचव्या वेळी आबांच्या हातातली जाड काडी आणि बारीक काडी अशा काही लागल्या की काचेपलीकडे बसलेली आमची चौदा लेकरं बसल्या जागी हलायला लागली. चार मिनिटं बावीस सेकंद. आणि तीन मिनिटांच्या सुमारास, हात ऐन भरात असताना, आबा मोठ्यानं "हां!" म्हणून ओरडले.

सर म्हणाले, तो 'हां' आपण काढून टाकू, कॉम्प्युटरवर निघतो.

माझी लेक म्हणाली, "सर, आम्ही तिथंच वळतो."

तो 'हां' राहिलाय.

एक गोष्ट सांगतो, पण आमच्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका. असल्या स्पर्धांचे गट इतके असतात की रिकाम्या हातानं सहसा कुणी परतत नाही. आमच्या गटाची यादी परवा आली. लोकनृत्य, समूह, कनिष्ठ, हातात वाद्य घेऊन. त्या गटात आम्ही एकटेच आहोत. सरांनी ती यादी मला दाखवली, मी सरांकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनी ती घडी करून खिशात ठेवली. सराव त्या दिवशी रोजच्यापेक्षा अर्धा तास जास्त घेतला. महाजनकाचं तरी काय झालं? तो सुवर्णभूमीला पोचलाच नाही. समुद्रातून देवीनं उचलला तो थेट मिथिलेला, बापाच्या गावी आणून ठेवला, आणि राज्य त्याला तिथंच मिळालं. पहिल्या लेण्यात त्याच्या गोष्टीतला तो नाच आहे ना, तो त्यानंतरचा, राजवाड्यातला. चौकात मात्र आमच्या अभिनंदनाचा फलक छापून तयार आहे. त्यावर 'क्रमांक' या शब्दाआधी जागा सोडलीय. ती फार मोठी सोडलेली नाही.

विमान मुंबईहून आहे. आमच्या अंगणातून चिकलठाण्याला उतरणारी विमानं दिसतात, पण बँकॉकचं तिथून नाही. म्हणून छोटी बस ठरवलीय, समृद्धीनं जाणार. तो रस्ता जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत सुरू झाला, त्यामुळे संध्याकाळी निघून रात्री विमानतळावर. आबा बसपर्यंत सोडायला येणार आहेत. हलगी आणणार का, असं मी विचारलं नाही. पण दोन दिवसांपासून त्यांच्या दारात चिपाडांची पेंडी वाळत पडलीय.

काल रात्री किराणावाल्याच्या काट्यावर आमची लेझमांची बॅग साडेएकोणीस भरली, एमआयडीसीतल्या काट्यावर एकवीस. दोन्हींपैकी एक खोटा आहे, आणि कोणता ते मला कळतं, पण त्यासाठी लाडू काढावे लागतील. बस बुधवारी संध्याकाळी पाचला मांगीरबाबाच्या कमानीपासून सुटते. त्याआधी कुणाकडे खरा काटा असेल तर पाठवून द्यावा. परत मिळेल, सोबत चिवडाही.